ऑफ सीझन युरोप, छोटा ग्रुप: दोन टूर केल्यावर जे कळलं ते

गेल्या जुलैत पहिलं बुकिंग केलं, त्याला आता आठ-नऊ महिने झाले. तेवढ्यात आई आणि मी युरोपच्या दोन छोट्या ग्रुप टूर केल्या, नोव्हेंबरात इटली आणि फेब्रुवारीअखेर दक्षिण स्पेन. मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळाला होता म्हणून दुसरी जमली. कंपन्या दोन वेगळ्या होत्या. नावं देत नाहीये, कारण मला सांगायचंय ते टूर निवडायची कशी याबद्दल, आणि पहिल्या वेळी मी ती भलत्याच गोष्टी बघून निवडली होती.

इटलीच्या टूरमध्ये मला काय आवडलं होतं तर "फक्त ८ प्रवासी". आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, ४०-५० जणांच्या ग्रुपमागे धावणं तिला जमणार नाही, म्हणून ८ आकडा बघितला आणि मी फार विचार न करता पैसे भरले. तो आकडा ८च का असतो हे नंतर कळलं. युरोपात ड्रायव्हर धरून ९ सीटपर्यंतची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते आणि साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच हा जो युरोपियन युनियनचा नियम आहे तो ९ पेक्षा जास्त सीटच्या गाड्यांना लागतो, या व्हॅनला नाही. त्यामुळे एकच माणूस ड्रायव्हर, तोच गाइड, तोच बॅगा चढवणार, तोच हॉटेलशी बोलणार. आमचा माणूस खरंच चांगला होता, पण तिसऱ्या दिवसापासून त्याच्या चेहऱ्यावर थकवा दिसत होता, आणि गाडी चालवताना तो बोलणार तरी किती. वर इटलीत गाइडचं काम करायला लायसन्स लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं, म्हणजे आम्हाला चौकात सोडून तो पार्किंग शोधायला.

पण सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते फ्लॉरेन्सला. पूर्ण टूरमध्ये फ्लॉरेन्सला एकच दिवस आणि तो सोमवार. सोमवारी उफीत्सी म्युझियम बंद, अकादेमियापण बंद. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा मूळ पुतळा अकादेमियात आहे, १८७३ पासून, आणि बाहेर चौकात जो उभा आहे ती १९१० साली बसवलेली प्रतिकृती. आई त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली, मग मला म्हणाली, "हाच का गं तो?" मी नाही म्हटलं तर ती फक्त बरं म्हणाली आणि पुढे निघाली. मला ते अजून लागतं. हा काही अपघात नव्हता ना, सोमवारी ही म्युझियमं बंद असतात हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत आहे, कार्यक्रम आखणाऱ्याने कॅलेंडर उघडून बघितलं असतं तरी पुरे होतं. मीही बघितलं नाही, हेही खरं.

तसंच चिंक्वे तेर्रेचं, म्हणजे समुद्रकाठच्या पाच छोट्या गावांचं. माहितीपत्रकात बोटीतून एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं लिहिलेलं. त्या बोटी साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालतात आणि आम्ही गेलो नोव्हेंबरच्या मध्यात. मग ट्रेनने गेलो, त्याला काही हरकत नाही, गावं एकमेकांपासून मिनिटांच्या अंतरावर आहेत. पण त्यातल्या व्हेरनात्साला पोचलो तेव्हा चार वाजून गेलेले, छोट्या होड्या पाण्यातून ओढून चौकात आणून ठेवलेल्या, वर ताडपत्र्या, दोन सोडून बाकीची दुकानं बंद, आणि पाचच्या आत सूर्य बुडाला. पुढचा पाऊण तास आम्ही आठ जण स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होतो. त्या किनाऱ्यावर शरदात पाऊसही जोरदार असतो, २५ ऑक्टोबर २०११ ला याच व्हेरनात्सा आणि मोन्तेरोस्सोमध्ये पूर आणि चिखल घुसला होता, त्यामुळे डोंगरातल्या पायवाटा पाऊस झाला की बंद करतात. हे सगळं आधी सांगितलं असतं तर मी तो दिवस लुक्का शहराला द्या म्हटलं असतं.

थोडक्यात त्यांनी उन्हाळ्याचाच कार्यक्रम उचलून नोव्हेंबरच्या तारखांवर ठेवला होता. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो तेव्हा हाच कार्यक्रम छान झाला असता. हॉटेलसुद्धा तसंच, शहराबाहेर, व्हॅनने अर्धा-पाऊण तास. उन्हाळ्यात माणूस जेवून पुन्हा शहरात एक चक्कर मारतो, इथे सहाला मिट्ट काळोख, बाहेर हायवे, आणि खोलीत बसून राहायचं.

मग स्पेनसाठी मी आधी तीन कंपन्यांना मेल केला आणि प्रवासी किती हे शेवटी विचारलं. आधी विचारलं: प्रत्येक दिवशी पोचणार किती वाजता आणि सूर्यास्त किती वाजता, त्या तारखांना काय काय बंद असेल, हॉटेलपासून जुन्या शहरात चालत किती मिनिटं, गाइड आणि ड्रायव्हर एकच की दोन. दोघांनी गुळगुळीत उत्तरं दिली, "आमची टीम सगळं बघून घेईल" टाइप. तिसऱ्यांनी दिवसवार तक्ता पाठवला आणि त्यात स्वतःहून लिहिलं होतं की रोंदा गावाचा दिवस मंगळवारी हलवलाय, म्हणजे पावसाचा अंदाज असेल तर आदल्या दिवसाशी अदलाबदल करता येते. मी त्याच दिवशी बुक केलं.

ग्रुप १४ जणांचा, म्हणजे पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट, आणि तरी मला तो छोटा वाटला. २० सीटची बस, ड्रायव्हर वेगळा, गाइड बाई पूर्ण वेळ आमच्याबरोबर. सेव्हिलला हॉटेल जुन्या शहरातल्या सांता क्रूझ भागातच, कॅथेड्रल पाच मिनिटांवर. दुपारी आई खोलीवर जाऊन तासभर आडवी व्हायची आणि साडेपाचला ताजीतवानी बाहेर यायची, कारण फेब्रुवारीअखेर तिथे सूर्य सातच्या आसपास मावळतो. स्पेन आहे इतक्या पश्चिमेला पण घड्याळ जर्मनीबरोबरचं, म्हणून हिवाळ्यातही संध्याकाळ मिळते. (इटलीच्या तुलनेत हा दोन तासांचा फरक म्हणजे अक्षरशः दुसरी टूर.) हिराल्दा मनोऱ्यावर आई चढली! तिथे पायऱ्यांऐवजी उतार आहेत, पूर्वी घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेले, अगदी शेवटी थोड्या पायऱ्या. गाइडने हे आदल्या रात्री तिला समजावून सांगितलं आणि मग तिने ठरवलं.

कोर्दोबाला गाइडने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली जी मी कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत वाचली नव्हती. मेस्किता, म्हणजे तिथली जुनी मशीद, आता कॅथेड्रल, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट असते, पण त्या वेळात ग्रुपला प्रवेश नाही. म्हणाली, तुम्ही आपापले जाऊन शांतपणे बघून या, मी दहाला भेटून सगळं नीट समजावते. त्या खांबांच्या जंगलात पाऊणशे माणसंही नसतील.

ग्रनादाला अल्हाम्ब्रा किल्ल्यातल्या नास्रिद महालांचा टाइम स्लॉट असतो, तिकिटावर नाव, पासपोर्ट बरोबर हवाच. आमचा साडेदहाचा. सिंहांच्या चौकात आई कारंज्याभोवती हळूहळू फिरली, एकेका सिंहाचं तोंड वाकून बघितलं, बाराही बघून झाल्यावर मला खूण करून बोलावलं की अगं प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. कोणी ढकललं नाही, मागून कोणी "चला चला" केलं नाही. हे मला ऑफ सीझनमधून हवं होतं.

सगळं गोड नव्हतं. ग्रनादाच्या अल्बायसिन या जुन्या वस्तीत दगडगोट्यांचे चढ आणि गाइडचा वेग जास्त, आई मागे राहिली आणि मला दोनदा सांगावं लागलं, मग गाइडने टॅक्सी बोलावली. रात्रीचं जेवण तिथे सहसा साडेआठच्या आधी मिळत नाही, तेही त्रासाचं. एक दिवस पूर्ण पावसात गेला.

बुकिंगबद्दल एक गोष्ट नक्की बघा. ऑफ सीझनला ग्रुप भरत नाही म्हणून टूर रद्द होणं कॉमन आहे. युरोपियन युनियनच्या पॅकेज टूर नियमात, सहा दिवसांपेक्षा मोठी टूर असेल तर किमान संख्या भरली नाही म्हणून रद्द करायची तर २० दिवस आधी कळवावं लागतं आणि पैसे परत द्यावे लागतात, पण ते टूरचे पैसे, तुम्ही वेगळं काढलेलं विमानाचं तिकीट त्यात येत नाही. म्हणून "डिपार्चर गॅरंटीड", म्हणजे टूर नक्की निघणार, असा मेल हातात येईपर्यंत मी तिकीट काढलं नाही, थोडं महाग पडलं पण झोप लागली. त्याच नियमात किंमत ८ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवली तर फुकट रद्द करायचा हक्कही आहे, करार कुठल्या कंपनीशी होतोय ते मात्र तपासा, युरोपातली की मधली एजन्सी. आणि नोव्हेंबरअखेरपासून व्हिएन्ना, प्राग, न्यूरेम्बर्गच्या ख्रिसमस बाजारांचे वीकेंड ऑफ सीझन धरू नका, तेव्हा गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही वर जातात.

आता पुढच्या नोव्हेंबरसाठी सिसिली बघतोय. आईनेच आठवण केली, "आधी सोमवारचं विचार." काल मेल पाठवलाय, उत्तर यायचंय.