काळ्या कागदाआडचा टाय कॉब : जुन्या बेसबॉल कार्डांच्या व्यवहारातली एक फसवणूक

जुन्या बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंची चित्रे छापलेल्या छोट्या पुठ्ठ्यांच्या, बाजारात बनावट माल सर्वांत जास्त कुठे आढळतो, याचे उत्तर अवघड नाही : ज्या चित्रांवर संग्राहकांचा सर्वांत जास्त जीव असतो, नेमका तिथेच. एखाद्या विस्मरणात गेलेल्या खेळाडूच्या फिकट कार्डाची नक्कल करून कुणाच्याच हाती फारसे काही लागत नाही. पण लाल पार्श्वभूमीवरचा टाय कॉब किंवा सोनेरी चौकटीतला क्रिस्टी मॅथ्यूसन, असा शंभर वर्षांपूर्वीचा गाजलेला खेळाडू समोर आला की घेणारा आधी चित्र पाहतो आणि कागद नंतर, हे फसवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. गेल्या वर्षी याच दोन कार्डांच्या व्यवहारात माझे 3,400 डॉलर गेले. अमेरिकेतल्या मराठी घरांतून, बहुधा मुलांच्या निमित्ताने, या छंदाकडे वळणारी मंडळी आता बरीच दिसतात आणि त्यांतली काही नव्या चकचकीत कार्डांकडून शंभर वर्षांपूर्वीच्या कार्डांकडे सरकतात. त्यांच्यासाठी हा प्रकार कसा घडवून आणला गेला ते तपशिलाने लिहितो आहे.

आधी या कार्डांविषयी थोडे सांगायला हवे, कारण फसवणुकीची सगळी मांडणी त्यांच्या रूपावरच उभी होती. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून पाचशेहून अधिक चित्रांची एक मालिका वाटली. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने पुढे जुन्या कार्डांची जी सूची तयार केली, तीत तिला टी-206 हा क्रमांक मिळाला आणि आजही सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. कार्ड दीड इंचाहून किंचित कमी रुंद आणि अडीच इंचांहून थोडे उंच, भोवती पांढरी किनार, मध्ये सपाट रंगावर खेळाडूचे चित्र, खाली तपकिरी शाईत आडनाव आणि संघाचे नाव, आणि मागे पीडमॉन्ट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर अशा सिगारेटच्या छापांपैकी एखाद्याची जाहिरात. कॉबच्या चार वेगवेगळ्या मुद्रा या मालिकेत आहेत : दोन नुसत्या चेहऱ्याच्या, एक हिरव्या आणि एक लाल पार्श्वभूमीची, आणि दोन बॅट घेतलेल्या. लाल कॉब चौघांत दुर्मीळ मुळीच नाही, तरी मागणी प्रचंड आहे, आणि ती केवळ त्या लाल रंगामुळे आहे असे माझे मत आहे.

ही चित्रे लिथोग्राफीने, म्हणजे शिळाछापाने, एकावर एक रंग चढवून छापलेली आहेत. राजा रवि वर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत जो छापखाना काढला, त्यातून निघून आपल्या देवघरांत पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतींचे तंत्र मुळात हेच. आजीच्या घरातली ती लक्ष्मी पाहत वाढलेल्या माणसाला टी-206 मधला रंगांचा दाटपणा लगेच ओळखीचा वाटतो, आणि माझ्यापुरते सांगायचे तर या छंदात शिरण्याचे कारण खेळापेक्षा ही छपाईच होती.

1911 मधली टी-205 ही मालिका तर याहूनही देखणी आहे. तिला संग्राहक ‘गोल्ड बॉर्डर’ म्हणतात. बेसबॉलच्या दोन प्रमुख स्पर्धांपैकी अमेरिकन लीगचे खेळाडू बेसबॉलच्या मैदानाच्या चौकोनाकृती चौकटीत बसवलेले, नॅशनल लीगच्या खेळाडूंच्या चित्राबरोबर त्यांच्या सहीची प्रतिकृती, आणि मायनर, म्हणजे दुय्यम, लीगच्या मोजक्या खेळाडूंभोवती खांबांची नक्षीदार कमान. एकाच मालिकेत असे तीन आराखडे वापरण्याचे धाडस नंतर फार थोड्यांनी केले. मात्र या सोनेरी किनारीचा दोष असा की ती सहज निघते. कडेला जरा घासले की सोने उडून खालचा पांढरा कागद दिसू लागतो, त्यामुळे शाबूत किनारीचे टी-205 फार थोडे उरले आहेत, आणि उडालेल्या सोन्याच्या जागी नवे सोने लावण्याचा मोह कुणाला होतो हे सांगायला नको.

विक्रेता मला एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर भेटला. त्याच्याकडून मी आधी एकच कार्ड घेतले, टी-206 मधल्या एका अप्रसिद्ध खेळाडूचे, कोपरे झिजलेले, साठ डॉलरचे. ते अस्सल होते. मी ते ओळखीच्या जाणत्या संग्राहकाला दाखवले आणि त्यांनीही तसेच सांगितले. आता मागे वळून पाहता ते साठ डॉलरचे कार्ड हे या धंद्यातले भांडवल होते हे उघड आहे : एक खरे, स्वस्त कार्ड पोहोचवून विश्वास कमवायचा आणि महागाचा व्यवहार त्या विश्वासावर करायचा. त्यानंतर त्याचे पत्र आले. आजोबांच्या स्क्रॅपबुकातून आणखी काही कार्डे निघाली आहेत, ती संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी मला दाखवतो आहे, कारण मी ‘कार्डांची कदर करणारा’ वाटलो. बाहेर व्यवहार केला तर संकेतस्थळाचे कमिशन वाचेल आणि तेवढी किंमत तो मला कमी करून देईल. पत्राची भाषा सभ्य होती, घाई कुठेही नव्हती. घाई करणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे असे सगळे सांगतात. या माणसाने मला विचार करायला भरपूर वेळ दिला आणि त्यामुळेच तो अधिक खरा वाटला.

छायाचित्रांत लाल कॉब, मॅथ्यूसनचे सोनेरी कार्ड आणि सोबत किरकोळ खेळाडूंची तीन कार्डे होती. सर्वांच्या पाठीला काळ्या जाड कागदाचे तुकडे चिकटलेले होते. जुन्या काळी मुले अशी कार्डे काळ्या पानांच्या वह्यांत खळीने चिकटवत असत, ही गोष्ट खरी आहे, आणि पाठीवर काळा कागद असलेली हजारो अस्सल कार्डे आजही बाजारात फिरतात. फसवणाऱ्याने नेमका हाच खरा भाग वापरला होता. पुनर्मुद्रित कार्डांच्या मागे बहुधा तळाशी ‘रिप्रिंट’ असा शब्द किंवा नंतरचे वर्ष छापलेले असते; ते खरवडून काढले की कागद त्या जागी पातळ आणि खरखरीत होतो, आणि हा डाग लपवायला वहीच्या काळ्या तुकड्यासारखे दुसरे साधन नाही. आजोबांची वही हे एकाच वेळी कार्डाच्या वंशावळीचे प्रमाणपत्रही होते आणि पांघरूणही.

पैसे पाठवण्याच्या ऑनलाइन सेवेत त्याने मित्र-नातेवाइकांना रक्कम देण्याचा पर्याय निवडायला सांगितले, कारण त्यात शुल्क कापले जात नाही. या पर्यायात खरेदीदाराला कसलेही संरक्षण नसते. व्यवहार खरेदीचा म्हणून नोंदलाच जात नाही. कार्डे वेळेवर आली, व्यवस्थित बांधलेली होती, सोबत हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी होती.

कॉबच्या कार्डाचे बिंग दहापट भिंगाखाली फुटले. अस्सल टी-206 मध्ये खालच्या पट्टीतली अक्षरे तपकिरी शाईची भरीव असतात, चेहऱ्याच्या बाह्यरेषाही सलग असतात, आणि रंगांतले ठिपके असले तरी ते कारागिराच्या हातचे, असमान असतात. या कार्डावर मात्र आडनावाचे प्रत्येक अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या नेमक्या जाळीतून तयार झालेले होते. मूळ कार्डाचे छायाचित्र घेऊन आधुनिक चाररंगी छपाई केली की अक्षरेसुद्धा चित्राचाच भाग होऊन ठिपक्यांत विरघळतात. मुळात ती स्वतंत्र शाईत छापली गेली होती हे नक्कल विसरते. त्यानंतर अतिनील दिवा लावला. कागद निळसर पांढरा उजळला. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी चमकद्रव्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वापरात आली, त्यामुळे 1910 च्या कार्डाने त्या प्रकाशात असे चमकायचे कारणच नाही. शेजारी ठेवलेले माझे साठ डॉलरचे कार्ड त्याच दिव्याखाली निस्तेज राहिले. सर्व अवस्थांची छायाचित्रे घेतल्यानंतर त्या जाणत्या संग्राहकांनी काळा कागद शुद्ध पाण्यात भिजवून सोडवला. शिळाछापाच्या शाईला पाण्याने काही होत नाही, म्हणून जुन्या कार्डांच्या बाबतीत ही रीत बहुतेकांना मान्य आहे. कागद निघाला आणि त्याखाली खरवडलेली, केसाळ झालेली आडवी पट्टी दिसली. कोपऱ्यांचा पिवळसरपणा पाण्यात उतरला. तो बहुधा चहाचा असावा.

मॅथ्यूसनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची होती आणि माझ्या मते अधिक शिकण्यासारखी, कारण ते कार्ड खरेच 1911 चे होते. कागद खरा, छपाई खरी, सहीची प्रतिकृतीही खरी. पण उजवीकडची किनार डावीपेक्षा अरुंद होती आणि तिथली कापलेली कड इतर तीन कडांपेक्षा ताजी, सरळ आणि गुळगुळीत होती. जुनी कार्डे कारखान्यातही कमीजास्त मापाची कापली जात, त्यामुळे नुसत्या मापावरून छाटणी, म्हणजे झिजलेली कड नंतर कापून टाकणे, सिद्ध होत नाही. कड पाहावी लागते. सोने उडालेल्या जागी नवा सोनेरी रंग पेनाने भरलेला होता, आणि दिवा तिरका धरला की तो मूळ सोन्याहून वेगळ्या झळाळीने दिसत होता. कार्ड तपासून, त्याच्या अवस्थेला अंक देऊन ते प्लास्टिकच्या पेटीत बंद करणाऱ्या ग्रेडिंग कंपनीकडे मी ते पाठवले तेव्हा ते अंकाविना, फेरफार केलेले अशा शेऱ्यानिशी परत आले. अशा कार्डाला किंमत असते, पण ती मी मोजलेल्या किमतीच्या फार खाली असते, आणि फसवणुकीचा हा प्रकार पोलिसांना समजावून सांगणे तर पूर्ण बनावट कार्डापेक्षा कितीतरी कठीण जाते.

छाटणी ही किरकोळ विक्रेत्यांची खोड आहे असे कुणी समजू नये. या छंदातले सर्वांत प्रसिद्ध कार्ड म्हणजे टी-206 मधला होनस वॅग्नर. त्याची एक विलक्षण स्वच्छ प्रत 1991 मध्ये सदबीजच्या लिलावात 4,51,000 डॉलरला गेली. घेणारे होते आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल. पुढे याच प्रतीला दहापैकी आठ अंक देऊन पेटीबंद करण्यात आले आणि 2007 मध्ये ती 28 लाख डॉलरला विकली गेली. तिच्या कडा विकण्यापूर्वी आपण छाटल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी 2013 मध्ये न्यायालयीन प्रकरणात दिली, आणि लिलावांतल्या फसवणुकीबद्दल 2015 मध्ये त्यांना वीस महिन्यांची कैद झाली. प्लास्टिकची पेटी आणि तिच्यावरचा अंक यांवर डोळे झाकून विसंबणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. आता तर पेट्याही बनावट निघतात, आणि त्यांच्यावर ग्रेडिंग कंपनीने खऱ्या कार्डाला दिलेला क्रमांक उतरवलेला असतो. त्यामुळे कंपनीच्या नोंदीत क्रमांक सापडला एवढ्याने भागत नाही, नोंदीतले छायाचित्र हातातल्या कार्डाशी डागागणिक, कोपऱ्यागणिक जुळवावे लागते.

पैशांविषयी सांगायचे तर, ते परत आले नाहीत. रक्कम मित्र-नातेवाइकांच्या पर्यायाने गेल्यामुळे मध्यस्थाकडे दाद मागण्याची वाट बंद होती, आणि व्यवहार बाहेर झाल्यामुळे संकेतस्थळाचा संबंधच उरला नव्हता. क्रेडिट कार्डाने खरेदी म्हणून पैसे दिले असते तर निदान बँकेकडे आक्षेप नोंदवता आला असता. तक्रार एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे आणि टपाल खात्याच्या तपास विभागाकडे केली आहे. टपालाचा वापर करून फसवणे हा अमेरिकेत 1872 पासून केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे, म्हणून पाकीट, त्यावरचा शिक्का, मागोव्याचा क्रमांक आणि ती हस्तलिखित चिठ्ठीसुद्धा जपून ठेवणे उपयोगी पडते. कॉबच्या बनावट कार्डाच्या पाठीवर मी न पुसणाऱ्या शाईने ‘नक्कल’ असे इंग्रजीत लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्यानंतर ते कुणाच्या हाती गेले तरी पुन्हा विकले जाणार नाही.

ज्यांना या मालिका घ्यायच्याच आहेत त्यांनी आधी टी-206 मधली दोन-तीन सामान्य, मळकी, पण खात्रीची कार्डे एखाद्या प्रतिष्ठित दुकानातून घ्यावीत आणि भिंगाखाली इतकी पाहावीत की अक्षरांची भरीव शाई डोळ्यांत बसेल. बर्डिक यांनी आपला सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आहे. त्यातली निवडक बेसबॉल कार्डे तिथे आळीपाळीने मांडली जातात, आणि अस्सल रंग पाहण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. विक्रेत्याकडे पाठीची छायाचित्रे मागावीत, तिरक्या उजेडात कडांची मागावीत, आणि पाठीचा तळ झाकलेला असेल तर तिथे काहीतरी लपवलेलेच आहे असे गृहीत धरून किंमत सांगावी.

अलीकडेच कनेटिकटमधल्या एका परिचित संग्राहकाने मला त्याला आलेली काही छायाचित्रे पाठवली. विक्रेत्याचे नाव निराळे होते, आजोबांच्या जागी मावशीचे रिकामे करायचे घर आले होते आणि लाल कॉबऐवजी हिरवा कॉब होता. काळ्या कागदाचे तुकडे मात्र प्रत्येक कार्डाच्या तळाशीच होते, टेबलाचे लाकूडही तेच होते, आणि पैसे त्याच पर्यायाने मागितले होते. त्याने व्यवहार केला नाही, आणि ती छायाचित्रे आता माझ्या तक्रारीला जोडली आहेत.