खुली बाजारपेठ की बंद? नागपूरहून पाहताना

परदेशी व्यापाराला दारं उघडी ठेवावीत की लावून घ्यावीत, हा वाद जुना आहे. खुल्या बाजाराची बाजू आधी. नागपूर विमानतळालगतच्या मिहान या उद्योग-प्रकल्पात परदेशी कामावर चालणाऱ्या टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, म्हणून इंजिनीअर झालेल्या काही पोरांना तरी पुण्याची गाडी पकडावी लागली नाही. कमावतं मूल रात्री घरी जेवायला असणं, ही आईबापांसाठी लहान गोष्ट नाही.

शेताकडे वळलं की हिशोब बिघडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त रुई मिळाली. पण विदर्भात वेचणी नेमकी याच काळात असते, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस बाजारात येतानाच ही स्वस्त रुई समोर उभी. संत्र्याचं उलट झालं. बांगलादेशाने आयातशुल्क चढवत नेलं आणि आपल्या आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी तोडणीला येणाऱ्या संत्र्याचं, हक्काचं गिऱ्हाईक आटलं. परक्यांचा माल मोकळा आला, आपला सीमेवर अडला. हे मला अन्यायाचं वाटतं.

मग दारं लावून घ्यायची? तेही विदर्भाने भोगलंय. १९७२ ची राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आठवा: भावाची हमी होती, पण चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) रखडायचे आणि दुसऱ्या कुणाला कापूस विकायची मुभा नव्हती.

खुल्या बाजाराने आपली संस्कृती बुडेल, ही भीती मला कमी वाटते. पिझ्झाची दुकानं वाढली, तरी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सकाळी गर्दी असतेच. सावजीचं झणझणीत जेवणही जोरात आहे. घरातली वऱ्हाडी बोली मात्र खरंच विरळ होतेय.

माझा कौल खुल्या बाजारालाच. फक्त शेतमालाचं शुल्क ठरवताना वेचणीचे महिने सोडा, आणि संत्र्यासाठी ढाक्याशी नेटाने बोला.