नाशिकला मुक्काम: धरणाकाठचा बंगला की पंचवटीतली खोली?

त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला घरचे आठजण घेऊन आम्ही दोनदा नाशिकला राहिलो. श्रावणात गंगापूर धरणाच्या बाजूला भाड्याचा बंगला घेतला, माघात पंचवटीत लॉज. म्हातारी माणसं सोबत असतील तर माझं मत सरळ आहे: पंचवटीत राहा.

बंगल्याचे फोटो कोरड्या दिवसांतले होते, आम्ही पोचलो भर पावसात. दार उघडताच कोंदट वास. आईने चादर घालायला गादी उचलली, तर खालची बाजू ओली आणि कडेने काळी बुरशी धरलेली. केअरटेकर म्हणाला, "पावसाळ्यात असं होतंच, साहेब." रात्री लाइट गेली. इन्व्हर्टर फक्त हॉलपुरता, मोटर बंद, पहाटे नळाला पाणी नाही. पंचाहत्तरीची आई अंघोळ न करताच दर्शनाला निघाली, ते मला फार लागलं. वर निघताना चादरीवर डाग पडले म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले.

भाड्याचा हिशेब नीट मांडा. बंगला रात्रीला बारा हजार, लॉजच्या चार खोल्या मिळून आठ. बंगल्यात स्वयंपाक करू म्हटलं तर सिलिंडर रिकामा, आणि रात्री जेवणासाठी गाडी काढून शहरात यावं लागलं. लॉजमधून खाली उतरलं की मिसळ, चहा, औषधाचं दुकान. रामकुंड चालत. त्र्यंबक तीसेक किलोमीटर, शहरातून एसटी मिळते. बंगल्यावरून स्वतःची गाडी हवीच. पंचवटीत पार्किंगचा त्रास आणि पहाटेपासून गोंगाट आहे, तो धरून चला.

बंगला मुळीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही. थंडीत, मुलाबाळांसह, नुसतं निवांत बसायचं असेल तर धरणाकाठची संध्याकाळ फार सुंदर असते, आणि जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम. फक्त पैसे भरण्याआधी केअरटेकरला व्हिडिओ कॉल लावा. गाद्या उलट्या करून दाखवायला सांगा, गिझर चालू करून बघा, इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते विचारा आणि डिपॉझिटच्या अटी मेसेजवर लिहून घ्या.

2027 च्या सिंहस्थात पंचवटीत खोली मिळणं अवघड जाईल. आईला त्याआधीच पुन्हा त्र्यंबकला जायचंय. तिच्यासाठी पंचवटीतच तळमजल्यावरची खोली बघतोय.