वजनकाटा लावला की माउस नाचतो: ड्रायव्हर नेमका कुठे अडवायचा?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातली गुळाची पेढी असो की हुपरीतलं चांदीचं दुकान, लक्षण एकच. इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरने कॉम्प्युटरला जोडलेला असतो. सकाळी काटा आधी चालू केला आणि कॉम्प्युटर नंतर, तर गुळाचा रवा (ढेप) काट्यावर चढण्याआधीच पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायला लागतो, आपोआप क्लिक पडतात. वर बिलिंगच्या सॉफ्टवेअरला पोर्टही (काट्याचे आकडे आत येण्याची वाट) मिळत नाही.

हा व्हायरस नव्हे. काटा आकडे सतत पाठवत असतो. विंडोज सीरियल पोर्टवर कोण आहे ते चाचपतं, त्या अक्षरांना जुन्या सीरियल माउसची ओळख समजतं आणि ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ बसवून सरमाउस (sermouse) हा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, चढवतं. पुढचं प्रत्येक वजन मग माउसची हालचाल ठरतं.

हे अडवायच्या जागा तीन: उपकरण, ड्रायव्हर आणि पोर्ट.

उपकरण अडवणं सगळ्यात सोपं. काट्याची वीज बंद करा म्हणजे बाण थांबेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत बॉलपॉइंट शोधा, राइट क्लिक, ‘डिसेबल डिव्हाइस’. ‘अनइन्स्टॉल’ नको, पुढच्या वेळी तो परत हजर. डिसेबल केल्यावर 22 क्रमांकाचा कोड दिसतो, तो बरोबरच आहे. खोट एकच: ही बंदी त्या एका नोंदीपुरती असते. कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसेल, तर विंडोज त्याला यूएसबीच्या भोकावरून ओळखतं. झाडलोट करताना कुणी वायर शेजारच्या भोकात खोचली की विंडोजच्या लेखी तो नवा कन्व्हर्टर, आणि नाच पुन्हा सुरू.

ड्रायव्हर अडवणं जास्त पक्कं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस या वाटेने सरमाउसपर्यंत जा आणि ‘स्टार्ट’चा आकडा 3 वरून 4 करा. या आकड्यांचा अर्थ कळला की निम्मं काम झालं: 0 म्हणजे बूट होतानाच, 1 म्हणजे सिस्टम उभी राहताना, 2 आपोआप, 3 मागणीनुसार, 4 बंद. इथे बरेच जण फसतात. 3 म्हणजे ‘मी सांगेन तेव्हा’ असं वाटतं, पण प्लग-अँड-प्ले (जोडताच आपोआप ओळखलं जाणारं) उपकरण दिसलं की मागणी विंडोज स्वतःच करतं. म्हणून अशा ड्रायव्हरला 2 चा 3 करून काही साधत नाही. 4 केल्यावर भोक कुठलंही असो, सरमाउस चढत नाही. उपकरणावर 32 क्रमांकाचा कोड येतो. खराखुरा सीरियल माउस आता पेढीवर कोण वापरतो? त्यामुळे नुकसान शून्य. हेच काम एससी कॉन्फिग (sc config) आज्ञेने करायचं असेल, तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा (विंडोज पॉवरशेलमध्ये एससी ही भलतीच आज्ञा आहे) आणि ‘स्टार्ट’ला चिकटलेल्या बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडा.

पोर्टवरची चाचपणी बंद करणं हा मुळावरचा इलाज, पण कन्व्हर्टर एफटीडीआय (FTDI) कंपनीच्या चिपचा हवा. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि ‘सीरियल एन्युमरेटर’समोरची खूण काढा. इतर चिपांच्या कन्व्हर्टरमध्ये ही खूण मिळेलच असं नाही.

एकच कॉम्प्युटर, एकच काटा आणि वायर जागची हलत नसेल, तर पहिला मार्ग पुरे. चार-पाच कॉम्प्युटर असतील, वायरी इकडच्या तिकडे होत असतील, तर सरळ 4 करा. ड्रायव्हरचं पॅकेजच काढून टाकायचा सल्ला इथे गैरलागू आहे, कारण सरमाउस विंडोजच्याच पोटातला आहे.

जुन्या अँटिव्हायरसचा किंवा व्हीपीएनचा मागे राहिलेला ड्रायव्हर अडवायचा असेल, तर गोष्ट वेगळी. विंडोज 8 पासून प्लग-अँड-प्ले नसलेले ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नाहीत. तिथे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे साधन बरं: ड्रायव्हर्सचा टॅब उघडा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, नको त्यासमोरची खूण काढा. खूण परत लावली की जुना आकडा परत येतो; हाताने बदलताना तो कागदावर लिहून ठेवावा लागतो.

ज्या ड्रायव्हरांच्या ‘स्टार्ट’मध्ये 0 आहे त्यांना हात लावू नका. डिस्कचा ड्रायव्हर 4 केला की विंडोज आपलीच डिस्क वाचू शकत नाही आणि 0x7बी या एररची पाटी येते. फिल्टर ड्रायव्हरचंही (उपकरणाच्या मूळ ड्रायव्हरला जोडून बसणारा जादा ड्रायव्हर) तसंच. त्याचं नाव रजिस्ट्रीतल्या ‘अपरफिल्टर्स’च्या यादीत तसंच ठेवून नुसता ड्रायव्हर बंद केला, तर ज्या उपकरणावर तो बसलेला असतो ते उपकरणच सुरू होत नाही.

तरीही घोटाळा झालाच, तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून रजिस्ट्री एडिटर उघडा आणि विंडोजच्या डिस्कवरची सिस्टम नावाची फाइल ‘लोड हाइव्ह’ने चढवा. तिथे करंटकंट्रोलसेट सापडणार नाही. ‘सिलेक्ट’मध्ये ‘करंट’चा आकडा बघा, 1 असेल तर कंट्रोलसेट001 मध्ये जाऊन जुना आकडा परत भरा.

बदल तपासताना ‘शटडाउन’ करून परत चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउनला विंडोजचा गाभा हायबरनेट होतो (डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो) आणि ड्रायव्हर होते तसेच परत येतात. काटा चालू ठेवा, ‘रीस्टार्ट’ दाबा.