दत्तक घ्यावे की प्रतिपालक व्हावे?

मूल घरी आणण्याचा विचार करणारी जोडपी बहुधा दत्तकाची प्रतीक्षा किती आहे, येथपासून चौकशीला सुरुवात करतात. लहान आणि निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षे थांबावे लागेल असे कळले की कोणीतरी त्यांना प्रतिपालनाचा, म्हणजे फॉस्टर केअरचा, मार्ग सुचवतो. तेथे मूल लवकर मिळते आणि पुढे दत्तकही घेता येते, असे सांगितले जाते. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि त्यावर विसंबून निर्णय घेतला, तर त्याची झळ आधी मुलाला लागते.

दत्तक देण्यापूर्वी बाल कल्याण समितीने, म्हणजे निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीने, ते मूल दत्तक देण्यास कायद्याने मुक्त घोषित केलेले असते. आईने स्वतःहून सोपवलेल्या बाळाच्या बाबतीतही तिला फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात आणि त्यानंतरच पुढची पावले पडतात. प्रतिपालनात येणाऱ्या मुलाला मात्र पुष्कळदा कोणीतरी असते: आजारी आई, तुरुंगातील वडील, सांभाळण्याची ऐपत नसलेली आजी. त्या मुलाने शक्य झाल्यास आपल्या घरी परतावे, हाच या व्यवस्थेचा हेतू आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ४४ तर स्पष्टच सांगते की समितीने दत्तकयोग्य ठरवलेले मूल दीर्घकालीन प्रतिपालनात देऊ नये. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक कुटुंबात दोन वर्षे राहिलेले मूल पुढे मुक्त झाले, तर त्या कुटुंबाला ते दत्तक घेता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. मात्र या वाक्यातील ‘झाले, तर’ हे दोन शब्द नीट वाचले पाहिजेत.

दत्तकाची प्रक्रिया लांब असली तरी तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, कागदपत्रे द्यावी लागतात आणि मग समाजसेविका होम स्टडीसाठी, म्हणजे कुटुंबाची पाहणी करण्यासाठी, घरी येतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही, एकट्या व्यक्तीसाठी मर्यादा ४० वर्षांची आहे आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. पती-पत्नींसाठी वयांच्या बेरजेची मर्यादा मुलाच्या वयाबरोबर वाढत जाऊन आठ वर्षांवरील मुलासाठी ११० होते. चाळिशी ओलांडलेल्या जोडप्यांनी तान्ह्या बाळाचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या मुलांसाठी थांबावेही कमी लागते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्या आदेशाने मूल वारसाहक्कासह सर्व अर्थांनी आपले होते. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो आणि मग शासन आपल्या घरातून बाहेर पडते.

आमच्या परिचयातील एका घरी होम स्टडीच्या दिवशी नव्या अभ्र्यांपासून पोह्यांपर्यंत सगळी तयारी होती. समाजसेविकेने पगाराच्या पावत्या चाळल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंना विचारले, “आजी, बाळ कोणाचे असे शेजाऱ्यांनी विचारले, तर काय सांगाल?” आजी बराच वेळ सुनेकडे पाहत राहिल्या. त्या घराची खरी तयारी त्या दिवसानंतर सुरू झाली.

प्रतिपालनात शासन बाहेर पडत नाही. कायद्यानुसार समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते, शाळा बदलण्यासारखे निर्णय एकट्याने घेता येत नाहीत आणि मुलाला आपले आडनाव किंवा वारसाहक्क मिळत नाही. प्रामुख्याने सहा वर्षांवरील मुले या व्यवस्थेत येतात. एकट्या व्यक्तींनाही आता प्रतिपालक होता येते, परंतु एकट्या पुरुषाकडे मुलगाच दिला जातो. मिशन वात्सल्य योजनेतून मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ती रक्कम त्याच्या खर्चासाठी आहे, कुटुंबाचे उत्पन्न म्हणून तिच्याकडे पाहू नये. खरी कसोटी निराळीच असते. आईला भेटून आलेला नऊ वर्षांचा मुलगा तिने दिलेला बिस्किटांचा पुडा तीन दिवस न फोडता दप्तरात ठेवतो आणि आपण केलेला शिरा ताटात तसाच टाकून उठतो, तेव्हा त्या पुड्याबद्दल मनात असूया न धरणाऱ्या माणसाने प्रतिपालक व्हावे. ज्यांना ‘हे मूल माझे’ असे म्हणता येण्याचीच ओढ आहे, त्यांनी दत्तकासाठी थांबावे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

ओळखीतल्या गरोदर बाईचे बाळ स्टॅम्प पेपरवर लिहून घेण्याचा तिसरा मार्ग अजूनही कानावर येतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली कुटुंबांमधील दत्तकविधान वैध ठरू शकते, परंतु त्याच्या अटी काटेकोर आहेत आणि पैशाची देवाणघेवाण झाली तर तो गुन्हा ठरतो. वकिलाच्या सल्ल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आधाराच्या बाबतीत महाराष्ट्रात दत्तक पालकांची स्थिती बरीच चांगली आहे. पंढरपूरच्या नवरंगे बालकाश्रम या अनाथ मुलांच्या संस्थेचा इतिहास १८७५ पासूनचा आहे आणि पुण्यातील भारतीय समाज सेवा केंद्र किंवा ससून रुग्णालयाशी निगडित सोफोश या संस्थेचे ‘श्रीवत्स’ यांसारख्या संस्थांकडे कित्येक वर्षांचा अनुभव आहे. नोंदणीनंतरच्या प्रतीक्षेतच अशा एखाद्या संस्थेच्या पालक मेळाव्याला जावे आणि मुलाला त्याच्या दत्तक असण्याविषयी केव्हा व कसे सांगितले, हे इतर पालकांना विचारावे. प्रतिपालकांना असे सोबती शोधावे लागतात, कारण शहरांतही अशी कुटुंबे विरळच असतात. त्यांचा पहिला आधार म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तेथे अर्ज देण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: जिल्ह्यात सध्या किती मुले प्रतिपालनात आहेत, अनुदान किती महिन्यांनी हाती येते आणि रात्री अकरा वाजता मूल घरातून निघून गेले तर फोन कोण उचलेल.