फ्रेंच क्लीटची भिंत: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गॅरेजमधल्या कामाच्या जागेत फ्रेंच क्लीट पद्धतीची भिंत बसवून आता अकरा महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला घेतले असते, तर हा मजकूर नुसत्या कौतुकाने भरला असता. भिंत तेव्हा सुरेख दिसत होती आणि तिच्यासमोर काम असे काहीच झाले नव्हते. त्यानंतर दोन खुर्च्यांचे निखळलेले सांधे, तीन कपाटांच्या बिजागऱ्या, एक अडकणारे दार, चपला-बुटांचे एक नवे कपाट, सायकलींची देखभाल आणि मोजता न येणाऱ्या किरकोळ दुरुस्त्या तिथे झाल्या, आणि माझे मत बरेच बदलले. भिंत काढून टाकावी असे अजूनही वाटत नाही. मात्र गॅरेजमधला पसारा ती आवरील, ही माझी मूळ अपेक्षा तिने पुरी केली नाही, कारण माझा पसारा मुळात हत्यारांचा नव्हताच.

ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्लायवूडची लांब पट्टी लांबीच्या दिशेने, ४५ अंशांच्या कोनात चिरली की तिरप्या कडेच्या दोन पट्ट्या मिळतात. एक पट्टी भिंतीवर अशी ठोकायची की तिरपी कड वर येईल आणि तिचे टोक भिंतीपासून दूर राहील; दुसरी हत्याराच्या होल्डरला पाठीमागून उलटी लावायची. होल्डर वरून टेकवला की दोन्ही कडा एकमेकींत बसतात, आणि त्या उतारामुळे वजनाबरोबर होल्डर भिंतीकडेच ओढला जातो. त्याला स्क्रू नाही की कडी नाही. उचलायचा आणि दुसऱ्या ओळीवर टांगायचा.

मी १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड वापरले, पट्ट्यांची रुंदी ७५ मिलिमीटर ठेवली आणि २० सेंटिमीटर अंतराने सात ओळी बसवल्या. भिंत विटांची असल्यामुळे ८ मिलिमीटरचे रावल प्लग (भोकात बसवून स्क्रूला पकड देणाऱ्या नळ्या) आणि ७५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू घेतले, कारण स्क्रूची बरीच लांबी प्लायवूड आणि प्लास्टरमध्येच खर्ची पडते आणि पकड खरी विटेत मिळते. पहिली ओळ स्पिरिट लेव्हल लावून काटेकोर बसवली आणि पुढच्या ओळींसाठी सारख्या मापाचे दोन ठोकळे कापून घेतले. प्रत्येक पट्टी त्या ठोकळ्यांवर टेकवून स्क्रू मारले, त्यामुळे मोजपट्टी पुन्हा हातात घ्यावी लागली नाही.

चुका इतरत्र झाल्या. भिंतीला मध्यभागी पोट होते, ते डोळ्यांना दिसत नव्हते. लांब पट्टी स्क्रूने आवळताच ती वाकली आणि टोकाकडचे होल्डर डुगडुगू लागले. तिथे पट्टीमागे पातळ फळीचे तुकडे घालून ती सरळ करावी लागली. दुसरी चूक तिरप्या कडेच्या टोकाची होती. करवतीतून निघालेले टोक सुरीसारखे धारदार असते, ते होल्डरच्या खाचेत तळाला टेकते आणि दोन्ही उतार एकमेकांवर नीट बसत नाहीत. शिवाय ते बोटाला लागते आणि त्याच्या ढलप्याही निघतात. रंध्याने ते दोनेक मिलिमीटर उडवले की प्रश्न मिटतो. तिसरी चूक सर्वांत बाळबोध होती, ती म्हणजे होल्डरच्या पाठीला खालच्या बाजूस तितक्याच जाडीची दुसरी पट्टी लावायची असते, नाहीतर होल्डर खालून आत झुकतो. पहिले तीन होल्डर मी तसेच टांगले आणि त्यांतल्या पटाश्या भिंतीकडे मान टाकून बसल्यासारख्या दिसत होत्या.

आता उपयोगाविषयी. मोठी आणि वारंवार लागणारी हत्यारे, म्हणजे करवती, रंधा, ड्रिल, गुण्या, हातोडी, शिकंजे (लाकूड आवळून धरणारे क्लॅम्प) आणि लांब लेव्हल, यांच्यासाठी ही भिंत उत्तम आहे, आणि हे मी कोणतीही अट न घालता लिहिते. एक उदाहरण देते. कपाटाच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार खाली ओघळले होते. लाकडातली छिद्रे मोठी झाली की तिथे जाड स्क्रू मारण्यापेक्षा छिद्रात डिंक लावलेल्या लाकडी काड्या ठोकून, डिंक वाळल्यावर त्या कडेबरोबर कापून, नव्याने बारीक भोक पाडून तोच स्क्रू मारणे अधिक टिकते. या कामाला हातोडी, डिंक, पटाशी, ३ मिलिमीटरचा बिट, ड्रिल आणि स्क्रू ड्रायव्हर लागतो. पूर्वी या सहा वस्तू सहा ठिकाणी असत आणि बिट सापडेपर्यंत उत्साह संपलेला असे. आता डिंक वाळायचा वेळ सोडला तर हे काम पंधरा मिनिटांचे आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते "रविवारी बघू" या यादीत जात नाही.

होल्डरची जागा बदलता येते, हा या पद्धतीचा सर्वांत गाजलेला गुण आहे. तो खरा आहे, पण त्याचा उपयोग मला पहिल्या तीन महिन्यांतच झाला. सुरुवातीला दिसण्याच्या दृष्टीने मांडणी केली होती: मोठी हत्यारे मध्ये, लहान दोन्ही बाजूंना. हळूहळू रोजची हत्यारे खांदा आणि कंबर यांच्या मधल्या ओळींवर उतरली आणि वर्षातून दोनदा लागणारी वर चढली. त्यानंतर सहा-सात महिने एकही होल्डर हललेला नाही. घाईने मी प्रत्येक हत्याराभोवती बाह्यरेषाही आखून घेतली होती, कारण कारखान्यांत तशी छायाफलकाची पद्धत असते आणि हत्यार जागेवर नसले तर रिकामी आकृती लगेच दिसते. कल्पना उत्तम आहे, फक्त ती मांडणी स्थिरावल्यावर अमलात आणावी. माझ्या भिंतीवर आजही पकडीच्या मागे रंध्याची रेघ दिसते.

दोषांमध्ये पहिला क्रमांक उचलण्याचा आहे. होल्डर केवळ वजनाने बसलेला असतो, त्यामुळे वरच्या दिशेने ओढले की तो भिंतीवरून सुटतो. स्क्रू ड्रायव्हरसाठी मी फळीत गोल भोके पाडली होती आणि ती जरा घट्टच झाली. दमट महिन्यांत लाकूड फुगल्यावर एक दिवस चपटा स्क्रू ड्रायव्हर उपसताना अख्खा होल्डर हातात आला आणि उरलेले सात ड्रायव्हर खाली सांडले. त्यांतल्या एकाने पायाचा अंगठा थोडक्यात चुकवला. त्यानंतर भोके समोरून कापून उघडी खाच केली, म्हणजे दांडा वर न उचलता पुढे ओढून काढता येतो, आणि पटाश्यांच्या होल्डरला खालच्या पट्टीतून एक स्क्रू भिंतीवरच्या पट्टीत मारून टाकला. त्यामुळे तो होल्डर हलवता येत नाही, पण धारदार हत्यारांच्या बाबतीत मला हलवण्याची हौस नाही.

दुसरा दोष धुळीचा आहे. भिंत आणि तिरपी कड यांच्यामध्ये प्रत्येक ओळीवर एक पन्हळ तयार होते आणि तिच्यात लाकडाचा बारीक भुसा साचतो. सात ओळी म्हणजे सात पन्हळी. कुंच्याने झटकले तर तो सगळा हवेत जातो, आणि हवेत गेलेला बारीक भुसा हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न राहत नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. म्हणून आता भिंत केवळ व्हॅक्यूमने साफ करते. व्हॅक्यूमच्या आधी एक चक्राकार विभाजक आणि झाकणाची बादली जोडली आहे. भुसा फिरत बादलीत पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. पॉलिश पेपरचे यंत्र थेट त्याच नळीला जोडते आणि मास्कही घालते. संपूर्ण जागेत केलेल्या सुधारणांपैकी ही एक सुधारणा मी भिंतीच्याही आधी करायला हवी होती.

स्क्रू, नट, बोल्ट, वायसर, हुक यांच्यासाठी ही भिंत कुचकामी आहे. त्यांच्यासाठी लहान खणांची छत्तीस कप्प्यांची पेटी टांगली आणि एक अख्खा आठवडा रोज संध्याकाळी बसून लांबी, जाडी आणि डोक्याच्या आकारानुसार वर्गवारी केली. ती दोन महिने टिकली. काम संपल्यावर हातात उरलेले चार वेगवेगळे स्क्रू चार खणांत टाकण्याइतका संयम माझ्याकडे नाही, हे त्यातून कळले. आता आठच पारदर्शक डबे आहेत: लाकडाचे लहान स्क्रू, लाकडाचे मोठे स्क्रू, भिंतीचे साहित्य, एम-४ आणि एम-५ (म्हणजे ४ आणि ५ मिलिमीटर व्यासाचे बोल्ट), एम-६, एम-८, सायकलीचे सुटे भाग, आणि एक सरमिसळीचा. एम-६ ला वेगळा डबा देण्याचे कारण असे की माझ्याकडच्या जुन्या साठ्यात पाव इंची बोल्टही होते. एम-६ च्या दोन आट्यांमध्ये १ मिलिमीटर अंतर असते, तर सर्वसाधारण पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, म्हणजे १.२७ मिलिमीटर अंतर असते. पाव इंची नट एम-६ वर सुरुवातीला ढिला चढतो, मग अडतो, आणि तेव्हा पाना लावून जोर केला की आटे जातात. मी ते करून पाहिले आहे. डब्याच्या झाकणालाच आता एक खात्रीचा बोल्ट बसवला आहे. संशय आला की नट आधी त्यावर फिरवून बघायचा.

बॅटरीची यंत्रे आणि चार्जर यांच्यासाठी बंद खोके न करता उघडे फळकूट ठेवले, कारण चार्जर तापतो. फार लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

गॅरेज हे अखेर गाडीचेही घर आहे, ही गोष्ट आखणी करताना मी अर्धवटच लक्षात घेतली होती. गाडीचे दार पूर्ण उघडल्यावर भिंतीपर्यंत जेवढी जागा उरते तेवढीच होल्डरची खोली असू शकते. माझ्याकडे ती २२ सेंटिमीटर निघाली आणि ड्रिलचा होल्डर २६ सेंटिमीटरचा झाला होता. दाराच्या कडेवर त्याची खूण आहे. दुसरा परिणाम मात्र अनपेक्षित होता. पावसातून आलेली गाडी बंद गॅरेजमध्ये रात्रभर वाळते, म्हणजे तिच्यावरचे सगळे पाणी त्याच हवेत जाते, आणि सकाळी रंध्याच्या तळावर तांबूस ठिपके दिसतात. पूर्वी हीच हत्यारे पेटीत बंद असल्याने वाचत असत. उघड्या भिंतीची ही किंमत आहे. आता उघड्या पोलादावर मेणाचा पातळ हात फिरवते, पटाश्या दारापासून लांबच्या टोकाला नेल्या आहेत आणि ओली गाडी काही वेळ बाहेर निथळू देते.

आणि आता पसाऱ्याविषयी, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता. हत्यारे टांगून झाल्यावर जमिनीकडे पाहिले, तर जमीन जवळजवळ तेवढीच भरलेली होती. तिथे होते ते लाकडाचे उरलेले तुकडे, अर्धवट सोडलेली कामे आणि रंगांचे तळाला गेलेले डबे. "कधीतरी लागेल" या दोन शब्दांना कोणतेही क्लीट पेलत नाही. तुकड्यांसाठी एकच उभे खोके ठेवले. त्यात मावेल तेवढे राहील, नवा तुकडा आला की जुना जाईल, आणि ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड साधे प्लायवूड ठेवायचेच नाही. पहिल्या आवराआवरीत मी जे फेकले त्यातला एकच तुकडा नंतर हवा होता, आणि त्याची आठवण मला घरातले लोक अजून करून देतात. अर्धवट कामांसाठी भिंतीच्या डाव्या टोकाला तीन होल्डर मुद्दाम रिकामे ठेवले आहेत. एका कामाचे सगळे भाग एका ट्रेमध्ये, ट्रे होल्डरवर, आणि चौथा ट्रे नाही. भिंतीचा हा उपयोग मी आधी योजलाच नव्हता, पण तिने सर्वांत जास्त फरक इथेच पाडला.

आवराआवरीत एक सवय कठोरपणे बदलली. जवसाचे तेल लावून झाल्यावर त्याच्या चिंध्या गोळा करून कचऱ्याच्या बादलीत टाकत असे. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. बोळा केलेल्या चिंधीत ती कोंडली जाते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. शेजारी भुशाची बादली असताना हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. आता चिंध्या बाहेर सपाट पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवते आणि मगच टाकते.

सध्याचे दुखणे शिकंज्यांच्या ओळीचे आहे. लोखंडी शिकंजे एकेक करून वाढत गेले आणि सगळे एकाच टोकाला टांगले गेले. गेल्या महिन्यात तिथला एक स्क्रू पट्टीसह चार मिलिमीटर बाहेर आलेला दिसला. भोक विटेत न जाता दोन विटांमधल्या सांध्यात पडले होते आणि तिथला चुना-वाळूचा माल प्लगसकट भुगा होऊन निघाला. शिकंजे सध्या टेबलाखाली पडून आहेत, पट्टीवर नव्या भोकाची खूण विटेच्या मध्यावर केली आहे, आणि १० मिलिमीटरचे प्लग त्या सरमिसळीच्या डब्यात कुठेतरी आहेत.