डेस्कटॉपचं वायफाय रडतंय: डोंगल घ्यायचा, कार्ड बसवायचं की सरळ केबल ओढायची?

काही विकत घ्यायच्या आधी मोबाईल डेस्कटॉपच्या अगदी शेजारी धरून स्पीड टेस्ट मारा. मोबाईलपण तिथे रडत असेल तर त्या जागी सिग्नलच पोचत नाहीये किंवा लाईनच गंडलीये, मग डोंगल (यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा वायफाय तुकडा) आणि कार्ड (कॅबिनेटच्या आत मदरबोर्डावर बसणारं) दोन्ही घेऊन काही उपयोग नाही. अजून पक्कं करायचं तर कमांड प्रॉम्प्ट उघडून राऊटरच्या पत्त्यावर (बहुतेक घरी १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१) पिंग (राऊटरचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड) सुरू करून बघत बसा. आकडे पाच-दहा मिलिसेकंदाच्या आत राहिले आणि नेट तरीही अडकतंय तर गडबड बहुतेक घराबाहेर आहे, कंपनीला फोन लावा. मध्येच तीनशे-चारशेवर उड्या मारतायत, टाइम आऊट येतंय, तर भानगड घरातलीच.

आणि हो, मदरबोर्डलाच वायफाय असेल तर मागे अँटेना लावलाय का ते बघा. हसू नका, तो बोर्डाच्या खोक्यातच पडून राहिलेला असतो आणि लोक नवीन डोंगल शोधत बसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्यायची टिकही काढून टाका, कधीकधी सारखं डिस्कनेक्ट होणं तेवढ्यानेच थांबतं.

आता डोंगल. स्वस्त, दोन मिनिटात चालू, पण नखाएवढा जो १५० एमबीपीएसवाला मिळतो तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या दोन नेहमीच्या रेडिओ पट्ट्यांपैकी एक, दुसरा ५ चा) चालतो, आणि सोसायटीत शेजारीपाजारी सगळ्यांचे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह तिथेच कोंबलेले असतात. खोक्यावरचे १५० प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी नशीब समजा. त्यात बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे यूएसबी ३ चे पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ च्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट करतात, त्यामुळे कॅबिनेटच्या मागे, लोखंडाआड, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टशेजारी डोंगल खोचला की त्याची पूर्ण वाट लागते. घ्यायचाच तर ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा) घ्या आणि मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शनवर टेबलावर आणून ठेवा, फरक लगेच दिसेल.

कार्डाचं काम जास्त भरवशाचं. मदरबोर्डावर पीसीआयई एक्स१ स्लॉट (कार्ड खोचायची छोटी खाच) मोकळा पाहिजे (जाड ग्राफिक्स कार्डाखाली तो झाकला जातो, आधी झाकण उघडून बघा), दोन अँटेना मिळतात, आणि वायफाय ६ चं साधं टू-बाय-टू (दोन अँटेनांनी पाठवणारं-घेणारं) कार्ड ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये १२०१ एमबीपीएसचा लिंक (राऊटरशी जोडणीचा वेग) दाखवतं, अर्थात राऊटरपण वायफाय ६ असेल तरच. अँटेना वायरवाल्या स्टँडचे असतील असंच कार्ड निवडा, कारण थेट कार्डावर स्क्रू होणारे अँटेना भिंत आणि कॅबिनेटच्या मधल्या फटीत अडकून बसतात. ब्लूटूथ हवं तर कार्डातून निघणारी यूएसबीची बारीक वायर बोर्डाच्या हेडरला (बोर्डावरच्या पिनांना) जोडावी लागते. सुटं मॉड्यूल (कार्डाच्या आत बसणारा वायफायचा छोटा तुकडा) घेताना इंटेलचं एएक्स२१० घ्या, एएक्स२११ नको, ते फक्त ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतं आणि एएमडीवाले हमखास फसतात.

पण खरं सांगू का, डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून नेट कशाला पाजायचं? ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण दोन विटांच्या भिंती आणि मध्ये लोखंडी कपाट आलं की ढेपाळतं, केबलला त्याचं काही पडलेलं नाही. कॅट ५ई (साधी नेटवर्क केबल) सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, नेते, म्हणजे फ्लॅटला पुरून उरते. अडचण फक्त ओढण्याची. जुन्या केबल टीव्हीच्या पाईपमध्ये जागा असेल तर इलेक्ट्रिशियन स्प्रिंग घालून ओढून देतो, भाड्याचं घर असेल तर चपटी केबल भिंतीच्या कडेने दाराखालून न्या. तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. जोडल्यावर विंडोजमध्ये १००० ऐवजी १०० चा लिंक दिसला तर आठपैकी एखादी तार तुटली असेल किंवा राऊटरचा पोर्टच १०० चा असेल, पण प्लॅन १०० चा असेल तर तेही चालून जातं.

विजेच्या तारांतून नेट नेणारे पॉवरलाईन अडॅप्टर थ्री-फेज घरात दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्या की अंग टाकतात, स्पाइक गार्डमध्ये लावलेत तर बघायलाच नको. सिंगल बँड रिपीटर (एकाच पट्ट्यावर सिग्नल घेऊन पुढे फेकणारा) स्पीड अर्धा करतो.

मी विचारणाऱ्यांना सांगतो ते असं: गेमिंग किंवा घरून मीटिंगा असतील तर केबल, मालक खिळापण ठोकू देत नसेल आणि दाराखालूनही जमत नसेल तर स्टँडवाल्या अँटेनाचं कार्ड. डोंगल कॉलेजच्या पोराच्या जुन्या पीसीला, नाहीतर वर्षभरात घर बदलायचं असेल तर, तोही एक्स्टेन्शनसकट.